तेजूचं जेवण

प्रिय रविराज,

घाबरू नकोस म्हणून आधीच सांगते, घरी सगळे सुखरूप आहेत. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतोय, वडगावात आप्पांचे माग चालू आहेत, आणि तेजूही आता बरी आहे. यातलं 'आता' मी मुद्दाम लिहिलंय. एवढं लांबलचक पत्र आक्कानं कशाला लिहिलं असं तुला वाटेल. पण हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर तुझ्या त्या डोंगरातली रेंज गेली असती, नाहीतर मी रडले असते.

गेल्या वर्षी तेजूला दवाखान्यात ठेवलं तेव्हा तुला पोटाचं दुखणं म्हणून सांगितलं. तसं सांगा, असं तीच म्हणाली होती. पोटात काही नव्हतं रे. तिनं जेवणच सोडलं होतं. निपाणीच्या शाळेत लागल्यापासून ती खोली घेऊन एकटी राहायची, त्यामुळं आम्हाला लवकर कळलं नाही. आधी भात बंद झाला, मग तेल, मग संध्याकाळचं जेवण. उपास वाढत गेले आणि शेजारच्या बायका तिचं कौतुक करायच्या. मी बोरगावच्या माझ्या घरून डबा घेऊन गेले की म्हणायची, आत्ताच जेवले गं आक्का. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची. आई म्हणायची नजर लागली, आप्पा म्हणायचे थेरं आहेत. आणि एक दिवस फळ्यावर गणित सोडवता सोडवता ती वर्गातच कोसळली.

बेळगावच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अ‍ॅनोरेक्सिया. तिशीतल्या, पोरांना शिकवणाऱ्या बाईला असलं काही होतं हे मला माहीतच नव्हतं. अंगावर नुसती हाडं उरली तरी आपण जाड आहोत असंच वाटत राहतं म्हणे, आणि घासाचीच भीती बसते. तिची नाडी इतकी मंद झाली होती की छातीला वायरी लावून ठेवलं होतं. हृदय कधीही थांबू शकतं, हे डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं. आप्पा बाहेर येऊन जिन्यात बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

त्या वॉर्डात भाग्यलक्ष्मी नावाच्या सिस्टर होत्या. माहेर सदलग्याचं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड. पहिल्यांदा आमचं त्यांच्याशी वाजलंच. आईनं तुपातले डिंकाचे लाडू नेले होते. सिस्टरनी तो डबा आईच्या हातातून हळूच काढून घेतला. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातले क्षार बिघडतात आणि जिवावर बेततं, असं त्यांनी आईला शेजारी बसवून समजावलं. रोज रक्त तपासायचं आणि त्याप्रमाणे थोडं थोडं वाढवायचं. "स्वल्प स्वल्प, आई," म्हणायच्या. आईला वाटायचं, हे लोक माझ्या लेकीला उपाशी ठेवताहेत. नाकातून नळी घातली तेव्हा तर ते बघवेना म्हणून आई खासबागेत मावशीकडं जाऊन राहिली.

मी मात्र तिथंच होते, त्यामुळं सगळं बघितलं. सिस्टर तेजूचं वजन करायच्या ते काट्याकडं पाठ करून उभं करून, आकडा तिला कळू द्यायच्या नाहीत. नळी निघाल्यावर जेवणाच्या वेळी स्वतःचा डबा घेऊन समोर बसायच्या. तिच्या ताटाकडं बघायच्या नाहीत. आपल्या गावच्या बसची, आपल्या सासूची, कशाचीही गोष्ट सांगत जेवायच्या. जेवण झाल्यावरही उठायच्या नाहीत, कारण खाल्लेलं उलटून टाकावंसं वाटतं ते नेमकं त्याच वेळी. एकदा मला उशीच्या खोळीत इडलीचे तुकडे सापडले. मी तेजूला वाट्टेल ते बोलले. सिस्टरनी मला बाहेर नेलं आणि सांगितलं, की तापात बडबडणाऱ्या माणसावर आपण चिडतो का, तसंच हे. आत जाऊन त्यांनी खोळ बदलली आणि तेवढ्याच इडल्या पुन्हा आणायला सांगितल्या. आवाज चढवला नाही, पण सूटही दिली नाही. तेजूनं त्यांना काय काय ऐकवलं म्हणून सांगू. माझ्या जिवावर उठलाय तुम्ही, असंसुद्धा म्हणाली. दुसऱ्या दिवशी सिस्टर पुन्हा डबा घेऊन समोर हजर.

आणि मग एका दुपारी हातातला घास तसाच धरून तेजू रडायला लागली. म्हणाली, "सिस्टर, मला जगायचंय. पण खायचं भ्या वाटतंय."

इतके दिवस ती भूक न्हाय, पोट भरलंय, हेच सांगत आली होती. खरं असं पहिल्यांदाच बोलली. सिस्टर म्हणाल्या, "वाटू दे भ्या. भीत भीत खाऊया. मी हाय."

तो घास तिनं खाल्ला. खूप वेळ लागला, पण खाल्ला.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. मध्ये पुन्हा घसरली, पुन्हा नळी लागली. पण सिस्टरनी आम्हालाही कामाला लावलं. जेवणानंतर तिच्याजवळ बसायचं काम आप्पांना दिलं. आपले आप्पा, दिवसभर मागाच्या खडखडाटात राहून बोलणंच विसरलेला माणूस. पहिले काही दिवस नुसते खाली मान घालून बसायचे. मग हळूहळू साड्यांच्या काठांबद्दल बोलायला लागले, कुठला काठ विणायला त्यांना कुणी शिकवला वगैरे. एकदा विषयच संपले आणि ते कसनुसे झाले. तेव्हा तेजू म्हणाली, "आप्पा, गप बसला तरी चालतंय. फकस्त उठू नका." तेव्हापासून त्यांनी एक दिवस चुकवला नाही. घरी आल्यावरही माग बंद करून येऊन बसतात.

परवा तपासणीला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, हृदय आता नीट चालतंय, जूनपासून अर्धा दिवस शाळेत जायला हरकत नाही. पूर्ण बरं व्हायला अजून वेळ लागेल, तपासण्या आणि समुपदेशन चालूच राहील. पण रविराज, दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आई बसस्टॉपवर बसून जी निवांत झोपली, तशी ती वर्षभरात झोपली नव्हती. दोन बस सोडल्या आम्ही तिच्यासाठी.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. तू रजेवर येतोयस हे कळल्यापासून तेजू खूश आहे आणि घाबरलीही आहे. माझ्याच्यानं सांगवत न्हाय, तू लिही, असं तीच म्हणाली. ती तुला घ्यायला स्टेशनवर येणार आहे. तिला बघून किती वाळलीस म्हणू नकोस. अंग भरलं, छान दिसतेस, असंही म्हणू नकोस. ते तिला फार लागतं. तिच्या ताटात बघू नकोस, आग्रह करू नकोस, जेवण झालं की लगेच उठू नकोस. एवढी बंधनं ऐकून तू गोंधळशील, म्हणून मी तिलाच विचारलं, मग त्यानं म्हणायचं तरी काय? मग म्हणाली, "काय न्हाय गं. नुसतं म्हणू दे, तेजू, आलो गं."

तेवढंच म्हण.

तुझीच,
आक्का