ताम्हनातली गार

१४ एप्रिल १९८७, झरी

तलासरीच्या एस.टी.तून उतरलो तेव्हा एका हातात ट्रंक, काखेत देव्हारा आणि खांद्याला सरकारी थर्मास. वाटेत भेटलेल्या बाबल्याने न सांगता ट्रंक उचलली. हसरा, उंचापुरा गडी. नाव विचारण्याआधीच त्याने गुरुवारी तीस तारखेला रविनाशी होणाऱ्या आपल्या लग्नाचं आमंत्रण दिलं.

उन्हाळी वादळं आणि गारपीट आधी ओळखता यावी म्हणून हवामान खात्याने देशभर अशी ठाणी उघडली आहेत. माझं ठाणं म्हणजे टेकाडावरची एक खोली. आसपास स्लॅबचं छप्पर तेवढंच. अंगणात तापमापकांची झडपांची पांढरी पेटी, खांबावर वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या. बाबल्याची आई बायजी माझ्या भाकऱ्या करणार आहे. पेटी पाहून ती म्हणाली, "साहेब, देवाला आत कोंडलाय आन् वर पंखा लावलाय व्हय?" मी हसलो, आणि तिच्यादेखत पेटीला हळदकुंकू वाहिलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला इतकी शांत जागा मिळावी ही देवाचीच कृपा.

१९ एप्रिल

सकाळी हवेत ओल फार होती, वारा समुद्राकडचा. तलासरीच्या पोस्टातून फोनने कळवलं: दुपारनंतर गडगडाट, गारा शक्य. आणि खरंच आल्या! सुपारीएवढ्या. गारा थांबाव्यात म्हणून बायजीने अंगणात कोयता टाकला, पातं आभाळाकडे करून.

सगळ्यात मोठी गार बर्फ घालून थर्मासमध्ये ठेवायची, असा आमचा नियम. जीप येऊन घेऊन जाते. मग ती कापून कांद्यासारखे पापुद्रे पाहतात. ढग किती चढला होता ते कळतं. मी गार आत नेली तशी बायजी दारात थबकली. म्हणाली, पडलेली गार भुईची असते. छपराखाली नेली तर आभाळ ती मागायला येतं. मी म्हटलं, सरकारी काम आहे. "मंग सरकारच्या घरी ठेवा," ती म्हणाली, "हितं आमी ऱ्हातो." भाकरी तिने उंबऱ्याबाहेरच ठेवली.

२३ एप्रिल

जीप आली नाही. थर्मासमधल्या बर्फाचं पाणी झालं. गार मात्र विरघळली नाही. वाढली आहे. लिंबाएवढी झाली आहे, खाली बसकी, वर निमुळती. मनात आलं, अमरनाथाचं लिंग तरी कशाचं असतं? हात आपोआप जोडले गेले.

स्नान करून तिला देव्हाऱ्यात ताम्हनात बसवली. बेलाचं पान वाहिलं, वर कुंकवाचं बोट लावलं. पान हळूहळू गारेच्या आत उतरलं. देवाने पूजा घेतली असं वाटलं. डोळे भरून आले.

२६ एप्रिल

रेडिओवर ऐकलं, विदर्भात आणि बंगालात वादळाचा अंदाज होता, तिथे ढगही आला नाही. इथे मात्र वारा चारही दिशांनी टेकाडाकडेच येत होता. वारा दाखवणारा बाण गरगर फिरून खाली वाकला.

लिंबाएवढ्या गारा पडल्या. बायजीच्या शेळ्या गोठ्याच्या कौलांसकट चिरडल्या. एकीचं डोकं फुटलं होतं आणि पाय अजून झाडत होते.

जीपचा पत्ता नाही म्हणून पडलेली एक गार मीच कापली. मधोमध बेलाचं पान. त्यावर कुंकू.

ताम्हनातली गार आता नारळाएवढी आहे.

२८ एप्रिल

बाबल्या आला. माझे पाय धरून म्हणाला, ती भुईला देऊन टाका. मी समजावलं की बसवलेला देव असा बाहेर फेकता येत नाही. विसर्जनाला वार लागतो, विधी लागतो, सोमवारी करीन. तो उठला. "माझा वार बेस्तरवार हाय साहेब. तुमच्या देवाला तेवढं सांगून ठेवा."

सांगितलं. त्याच्या लग्नाला विघ्न नको म्हणून अक्षता वाहिल्या. गारेने त्याही आत घेतल्या.

हवा कोरडी, आकाश स्वच्छ. गुरुवार निरभ्र, असं कळवलं. बायजीलाही तेच सांगितलं.

३० एप्रिल

दुपार. मांडवात गाणं चालू होतं. मी पत्रावळीसमोर जेवायला बसलो होतो. आभाळ निळं होतं, मग एकदम नव्हतं—

पहिली गार ढोलवाल्याच्या कपाळावर. नारळाएवढी. ढोल वाजत असतानाच तो मेला. मांडवाच्या डहाळ्या, माणसं, हंडे, सगळं एकाच आवाजात मोडत होतं. बाबल्याने नवरीवर अंग घातलं. रविना वाचली. त्याच्या पाठीवर एकामागून एक— हाडांचा आवाज मला ओळखू आला. शेवटची डोक्यात.

ती गार त्याच्याशेजारी फुटून पडली होती. आत पिवळ्या अक्षता. माझ्या.

३० एप्रिल, पुन्हा

जे जगले ते सगळे माझ्या खोलीत. स्लॅबवर गारा घणासारख्या पडताहेत. बायजी रडत नाही. तिने माझ्या हातात कोयता दिला.

मी देवावर कोयता मारला. क्षमा कर. पातं उसळून माझ्या डाव्या तळहातात घुसलं. रक्त गारेवर पडलं आणि पानासारखं आत उतरलं.

तो हात आता तिला चिकटला आहे. सुटत नाही. उजव्याने लिहितो आहे.

खिडकीखाली आताच एक फुटली. मधोमध लाल. अजून ओलं.

बायजी म्हणते, सोमवार नाही, आत्ता. म्हणते, भुई अंगणातच हाय.

स्लॅबला चीर गेली. मुलांवर चुना पडतो आहे. गार उचलते आहे, जड आहे, पण उचलते. बायजी दार उघडते आहे. माझ्यानंतर लगेच लावून घ्या, असं सांगितलं. कोणीतरी हे पुढे कळवा की गार कधीही छपराखाली

बाहेर एकदम शांत झालं. आभाळ वाट पाहतंय. मी नि—