डाव्या हाताचा साहेब

माघ वद्य ५, सन १९४६

काल शिनिमा बघितला. माधवनगरच्या मिलमागं तंबू आलाय. जलमातला पयलाच, आन् त्यो बी गोऱ्यांचा. घोडी आन् पिस्तुलं, दुसरं काय न्हाईच. बापय पडद्याम्होरं, आमी बायका पडद्याच्या मागल्या अंगाला. बोलनं समदं इंग्रजी, म्हनून तंबूवाला कर्ण्यातनं मराठीत सांगतोय. त्येला तरी कुठं येतंय! बाई रडाया लागली की दर खेपंला वरडतोय, "तिची सासू वारली!"

मानसं किती मेली! चौदापातर मोजली, मग इसरले. सून पदरात तोंड घालून बसली. शेजारची चंद्राक्का, ती जैनाची, मुंगीला बी वाट देनारी. घोडं पडलं तशी उठलीच. "मानसं भांडून मरत्यात, घोड्यानं काय केलंतं?" म्हन्ली आन् चालली घराकडं. मला मातुर लय आवडला. शिट्टीच घातली असती, पर म्होरचं दात न्हाईत.

आन् खरी गोष्ट तर ऱ्हायलीच. शिनिमातला त्यो पिस्तूलवाला साहेब डावखुरा हाय!

वद्य ६

शंकरला सांगितलं. माझा नातू, ह्या सुनंचा ल्योक. ब्रह्मदेशच्या लढाईत उजवा हात मनगटापासनं गेला, दिवाळीत घरी आला. (नाव लांब पडतंय, म्होरं शं. लिवीन.) अक्षरं त्येनंच शिकवली मला, फौजेत जायच्या आदी. त्येची पत्रं दुसऱ्या कुनाकडनं वाचून घ्याया नगं म्हनून. आता त्यो लिवत न्हाई, मीच लिवते.

ताट घेऊन गोठ्यात जातोय. भितीकडं तोंड करून डाव्या हातानं जेवतोय. कुनी डोकावलं की ताट सारतोय. बायको सुभद्रा फलटनला, म्हायेरी. न्यायला या म्हनून तीनदा सांगावा आला. ह्यो म्हंतोय, "डाव्या हातानं खानारा नवरा तिनं कशाला बघायचा? परसाकडचा हात त्यो."

मी गोठ्याच्या दारातनं वरडले, "आरं शंकऱ्या, साहेब पिस्तूल डाव्या हातानं मारतोय! लगाम डावा! समद्यांम्होरं थाळीतलं कायतरी डाव्या हातानंच वरपतोय, आन् पोरगी त्येच्यावरच भाळती!"

म्हशीनं कान हालवला. त्येनं न्हाई.

वद्य ८

शं. काल तंबूत गेलता. आदल्या लढाईतला पेन्शनीचा हवालदार हाय आमच्या आळीत, त्येनं वढून न्हेला. आल्यावर इचारलं, "बघितलास न्हवं? डावखुरा हाय का न्हाई?"

"बघितला, आजी." एवढंच.

पर आज ताट घेऊन गोठ्याच्या दारात बसला. आत न्हाई, दारात! माझं पाय जमिनीवर ठरंनात. चंद्राक्काला गूळ दिला. ती म्हन्ली, कशाचा? म्हन्लं, खा गप.

वद्य ९

हिरीवर भांडान. हवालदार बैल पाजाया आलता. म्हन्ला, "सहा गोळ्यांचं पिस्तूल त्येचं, अकरा येळा उडवलं, मदी भरलं न्हाई. आमच्या पलटनीत असता तर कोर्टमार्शल. पर उजवा हात चपळ हाय हां गड्याचा."

म्या म्हन्लं, "उजवा? डोळं तपासा. डावा!"

"आवं वैनी, फौजेत जलम गेला माजा, मला डावा-उजवा तुमी शिकवनार?"

बायका समद्या माझ्या बाजूनं, डावा. बापय समदं उजवा. घागरी तशाच ऱ्हायल्या. चंद्राक्का म्हन्ली, "डावा काय न् उजवा काय, जीव घेयाचाच की त्यो."

वद्य १०

पैज लावल्यागत तंबूवाल्याकडं गेले. हसला मेला. म्हन्ला, "आजी, मागनं समदं उलटं दिसतं, आरशावानी. साहेब उजव्याच हाताचा." म्हन्लं, मग शिनिमात दुकानावर ती इंग्रजी पाटी हाय, तिच्यावरची अक्षरं? तर ती बी उलटीच. आमाला कसं कळावं, इंग्रजी उलटं काय न् सुलटं काय!

वाटंत ध्यानात आलं. शं. तर म्होरं बसलता. म्हंजी त्येला...

आज दोन भाकरी करपल्या.

वद्य ११

एकादस. फराळ गोड लागला न्हाई. गोठ्यात जाऊन सांगितलं, आजी खोटं बोलली रं.

"ठावं हाय. पयल्याच गोळीला कळलं."

"मग बोलला न्हाईस त्ये?"

"तू एवढी खूस हुतीस. म्हन्लं, ऱ्हाऊ दे."

मी डोळं पुसतीया तर म्हन्तो, "पर मागनं खरंच डावखुरा दिसतोय?"

"तुझी शपत."

"मग मला मागनं बघायचाय."

वद्य १३

काल बसला. बायकांत! एक भवानी म्हन्ली, "पावनं, लुगडं आनू का?" दुसरी म्हन्ली, बांगड्या माझ्या. शं. कानापातर लाल झाला, पर हालला न्हाई. मी काठी आपटली तवा गप बसल्या.

चंद्राक्का बी आलती. घोडं पडायच्या आदीच डोळं मिटलं आन् मला इचारती, "उठलं का?" उठलं म्हन्लं. खरं तर मी बघितलं न्हाई, मी शं. कडं बघत हुते. साहेब पिस्तूल काढी तवा ह्येची डावी बोटं गुडघ्यावर हालत हुती. आन् त्यो जेवाया बसला तसा शं. एकदम हसला.

"आजी, त्यो बी सांडतोय की गं!"

किती दिसांनी हसला. मानसं मरत हुती पडद्यावर आन् मी हसतीया, देवा माफ कर.

अमावास्या

चुलीपाशी जेवला. आमच्याकडं पाठ करून, पर चुलीपाशी. सून भाकरी थापता थापता थांबली, मी डोळ्यानंच दाबली तिला. ताटावरनं उठला तवा म्हन्ला, उंद्या फलटनला जातो. म्हन्लं, आज जातो म्हनाला न्हाईस त्ये बरं, अमावास्या हाय.

फाल्गुन शुद्ध १

सांजच्या गाडीनं गेला. लोनंदला उतरून सकाळी म्होरं मोटार. फौजेचा कोट, उजवी बाही खिशात खोवली. सूनंनं दशम्या बांधल्या, त्येनं घेतल्या न्हाईत. गाडीत चार मानसांत कशा खाऊ, म्हन्ला.

शुद्ध २

दोपार. सून दोनदा म्हन्ली, "आत्याबाई, जेवून घ्या." म्हन्लं, थांब वाईच.

आता तिकडं पाट मांडलं असत्याल. जावई म्हंजी मधला पाट. याही, मेव्हनं, दाराआड बायका, त्यात आमची सुभद्रा. समदी त्येच्या ताटाकडं बघत्याल. जावयानं पयला घास घेतल्याबिगर पंगतीत कुनी हात लावत न्हाई.

सून परत आली. म्हन्लं, त्येनं घेऊ दे गं आदी.