जादा खड्डा

४ मार्च
‘माजी सैनिकहो, या लोकांना तुमची आठवण होते ती तुम्ही मेल्यावर!’ — सुरुवात जमली. काका अजून जिवंत आहेत आणि मी त्यांच्या कबरीवरचं भाषण लिहितोय. माजी सैनिक संघटनेने आधीच सांगून ठेवलंय, बोलायचं तुम्हीच.

५ मार्च
काकांनीच कागद वाचायला लावला. ‘छातीवर गोळ्या झेलणारा’ ऐकून हसले, मग खोकत राहिले. छातीवर झेलली ती फक्त सर्दी, म्हणाले. सैन्यात सात वर्षं, एकही गोळी झाडली नाही. कबरी खणल्या. लढाईच्या आदल्या दिवशी किती कबरी लागतील तो आकडा वरून यायचा, त्यावर दोन खड्डे जादा. जादाचे कधी रिकामे राहिले नाहीत. परतल्यावर नगरपालिकेत नळासाठी चर खणले. चर उघडा टाकून कधी घरी आले नाहीत. काकू ताट झाकून बसायची.
मग माझं मनगट धरलं. “गर्जना नको करूस. मी काय केलं तेवढं सांग. पोरं ऐकत असतात.”
शब्द दिला.

६ मार्च
काका गेले. दुपारी, जेवणाच्या वेळेला.

७ मार्च
दफन झालं. शेजारी आणखी एक खड्डा तयार. कोणाचा, विचारलं. कबर खणणारा म्हणाला, आठवड्यात कोणीतरी येतंच साहेब, जमीन मऊ आहे तोवर खणून ठेवतो. काका असते तर आधी तो बुजवला असता.
मी खरंच सांगणार होतो. पण चारशे माणसं! पहिल्या वाक्याला लोक सरसावले आणि माझी जीभ सुटली. गोळ्या, छाती, रक्त, ‘पोरांनो, सैन्यात या’ — सगळं आलं. खड्ड्यांबद्दल चकार शब्द नाही. दफनाला टाळ्या पडल्या!
काकूने माझ्याकडे पाहिलं नाही. माझी थोरली मात्र एकटक बघत होती. एकोणीस वर्षांची पोर, डोळे भरलेले. मला बरं वाटलं. बरं वाटलं!

९ मार्च
थोरली दोन दिवस पहाटे धावायला जातेय. बायको म्हणते, विचारा तिला. विचारलं नाही.

१० मार्च
कबरस्तानात जाऊन आलो. तो खड्डा अजून उघडाच.

११ मार्च
थोरली सैन्यभरतीचा अर्ज देऊन आली. “बाबा, तुम्हीच तर बोलावलंत.”
आता तिच्या खोलीत जाऊन एवढंच म्हणायचं — फावडं घे, चल माझ्याबरोबर. तो खड्डा बुजवू. काकांनी काय केलं, ते तिथे सांगतो.