थेअर साहेबांनी पुसलेल्या बशा

७ एप्रिल

सगळ्यांत आधी आली ती लव्ही. पाद्रीबोवांची बायको. माझ्या नातवाची, रॉस्कोची, गाडी अजून पुलापर्यंतही पोचली नव्हती आणि ही बाई सफरचंदाचा केक घेऊन ओसरीवर हजर. म्हणे, "मावशी, सहज आले." सहज! गेल्या साली माझा खुबा मोडला तेव्हा सहज यायला तिला सोळा दिवस लागले होते. पण केक झकास होता. बसवलं.

कशाला आली ते मला कळत नाही होय? सहावीत शाळा सोडली म्हणून काय झालं. माझा नातू सिनेटर आहे. राष्ट्राध्यक्षांनी कामगारमंत्री म्हणून थेअर नावाच्या माणसाचं नाव पाठवलंय. खाणींची तपासणीही त्याच खात्यात, आणि हे थेअर नऊ वर्षं कोळशाच्या कंपनीचे मुख्य. सिनेटमध्ये पन्नास जण नको म्हणतात, एकोणपन्नास हो म्हणतात. रॉस्को हो म्हणाला तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की उपराष्ट्राध्यक्ष आपलं मत टाकून थेअरना मंत्री करणार. म्हणजे सगळं येऊन थांबलंय माझ्या रॉस्कोपाशी. ज्याला मी नाक पुसायला शिकवलं!

डोंगरावर रानझाडं पांढरी झालीत. सकाळी धुक्यात ती दिसत नाहीत, नुसता पांढरेपणा दिसतो.

८ एप्रिल

आज डेन्झिल. आमच्या गेलेल्या ह्यांच्या, हॉबर्टच्या, खाणीतल्या पाळीतला. नाकाला नळी, मागे चाकावरची प्राणवायूची टाकी. पायऱ्या चढून आला आणि पाच मिनिटं काही बोललाच नाही. श्वास जमवू दिला.

"वहिनी, तो मंत्री झाला तर तपासायला कुणी खाणीत फिरकायचं नाही. पोरांच्या छातीत धूळ जाईल. माझ्या गेली तशी."

एवढ्यात लव्ही परत! केकची थाळी न्यायला म्हणे. तिने ऐकलं. "डेन्झिलभाऊ, माझा पोरगा क्लेटन आठ महिने घरी बसलाय. तो मंत्री झाला आणि बंद पडलेली खाण उघडली तर निदान छातीत धूळ जायला तरी कामावर जाईल."

डेन्झिल हसला. हसताना खोकला. लव्हीनेच पाणी दिलं. मग दोघांनी मिळून उरलेला केक संपवला. मला एक तुकडा ठेवला नाही.

९ एप्रिल

रॉस्को आणि मी बटाटे सोलत होतो. म्हटलं, "तुम्ही लोक ठरवता तरी कसं रे?"

म्हणाला, "ऑफिसात फोन येतात, त्यांच्या दोन रांगा लिहितात. हो आणि नको. दोन्ही सारख्या लांब. पक्षाचे नेते रोज सकाळी फोन करून आधी तुझी तब्येत विचारतात."

"माझी?"

"तुझीच. मग डोंगरातल्या रस्त्याचं बोलतात. हो म्हण, रस्ता होईल."

"आणि तू?"

"मी बघतो, कुणाचा रुसवा मला झेपेल. आज्जी, खरं सांगू? दुकानात पाव घ्यायला गेलो आणि समोरून कोण आलं तर मला तोंड लपवावं लागेल, एवढंच बघतो."

साल जाड काढत होता. बोलले नाही. मोठा माणूस झालाय.

१० एप्रिल

दुपारी ओसरीवर डोळा लागला. हॉबर्ट शेजारी बसले होते, बूट काढत. जागी झाले तर झुलती खुर्ची हलत होती. वारा असेल.

११ एप्रिल

थेअर साहेब आले!! खुद्द! नाव सुचवलेला माणूस प्रत्येक सिनेटरला जाऊन भेटतो, तशी रीतच आहे. रॉस्कोने कळवलं होतं, "वॉशिंग्टनमध्ये नको, इथे या. आज रानलसणाचं जेवण आहे."

वर्षातून एकदा आग विझवणाऱ्यांच्या हॉलमध्ये हे जेवण होतं. डोंगरातली लसूण, बटाटे, डुकराच्या चरबीत परतलेली. तीन दिवस अंगाला वास जात नाही. आम्ही शाळेत होतो तेव्हा खाऊन आलेल्या पोरांना बाई घरी पाठवायच्या. म्हणून खायची तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. बाहेरचे पुढारी येतात, फोटो काढतात आणि हळूच ताट सरकवतात. मग त्यांच्याशी कुणी मनातलं बोलत नाही.

थेअर साहेबांनी दोन ताटं खाल्ली. कच्चीसुद्धा! सोमवारी त्यांना चार सिनेटरांना भेटायचं होतं. त्यांचा सेक्रेटरी दारात हवालदिल उभा. डेन्झिल लांबून बघत होता. म्हणाला, "खातो तर माणसासारखा."

१२ एप्रिल

चर्चनंतर थेअर साहेब घरी जेवायला थांबले. माझ्या घरी जो जेवतो तो बशा पुसतो, मग कुणी का असेना. आणि बशा पुसताना बोललेलं घराबाहेर जात नाही. हॉबर्टच्या आईपासून चालत आलंय हे. रॉस्को फोनवर होता. मी धूत होते, ते पुसत होते. छान पुसतात, कडासुद्धा.

एकदम म्हणाले, "आजी, मी कधी खाली गेलोच नाही."

"कुठे?"

"खाणीत. पहिल्याच दिवशी तोंडापर्यंत गेलो आणि पाय उचलेना. घाम फुटला. तिथेच टोपी घालून फोटो काढला आणि परतलो. तेव्हापासून सगळीकडे सांगत आलो, खाण आतून माहितीय. खालून तपासणीचे कागद यायचे. मी सही करायचो."

मी बशी दिली. त्यांनी पुसली. कोरडी झाली तरी पुसतच होते.

जाताना म्हणाले, "परत येईन." सगळेच म्हणतात.

मला तो माणूस आवडला. काय करू.

१३ एप्रिल

रॉस्को आज निघायचा. गाडीची काच खाली करून म्हणाला, "आज्जी, बशा पुसताना काय म्हणाला तो?"

"बशीवर डाग राहिलाय म्हणाला."

"आज्जी."

शेकडो मैल लांबून फोन करणारे नेते एकीकडे आणि दारात हा एकीकडे. माझ्या जिभेवर होतं सगळं. सांगितलं असतं तर त्याचं काम सोपं झालं असतं. पण मग उद्या माझ्या बशा कोण पुसेल? आणि नाही सांगितलं तर डेन्झिलकडे कुठल्या तोंडाने बघू?

म्हटलं, "डेन्झिल प्रत्येक साहेबाला जे विचारतो, ते तू विचार त्याला."

रॉस्कोने गाडी सुरू केली. मग काच वर केली.

हे सांगणं झालं का? की नाही झालं? दिवसभर तेच. दोनदा दूध उतू गेलं.

२१ एप्रिल

टीव्हीवर थेअर साहेबांची सुनावणी, मतदानाआधी सिनेटर प्रश्न विचारतात ती. लव्ही आणि डेन्झिल माझ्याच सोफ्यावर, मधे मी. बाकीच्या सिनेटरांनी लांबलचक भाषणं केली, प्रश्न कुणी विचारलाच नाही. रॉस्कोने एकच विचारला. "साहेब, किती वेळा खाली गेलात?"

हा डेन्झिलचा प्रश्न. खोऱ्यातलं पोरगंही ओळखेल.

थेअर साहेबांना सहज खोटं बोलता आलं असतं, फोटो होताच. पाण्याचा पेला उचलला, ठेवला.

"एकदाही नाही."

लव्हीने डोळे मिटून घेतले. डेन्झिलने टोपी काढली. का काढली, त्याला विचारलं नाही.

२९ एप्रिल

मतदानाला नाव पुकारलं. रॉस्को उठून पुढे गेला, अंगठा खाली केला, म्हणजे नको. बसला. थेअर साहेब पडले.

३० एप्रिल

लव्ही माझ्याकडे न बघता पुढे गेली. रॉस्को म्हणतो, रस्ता होणार नाही आणि पुढच्या निवडणुकीत पक्ष त्याला उभा करेल असं दिसत नाही. म्हटलं, "मग घरी ये, बटाटे आहेत." हसला. सोळा मेला येतो म्हणाला.

५ मे

लव्ही आली. हातात केक नव्हता. क्लेटन पार ओहायोला निघालाय, गोदामात काम मिळालंय. रडली थोडी. मी बशा धुवायला घेतल्या, तिने फडकं घेतलं. काय बोलली ते लिहिणार नाही.

९ मे

फोन. थेअर साहेब. "आजी, तुम्ही त्याला सांगितलंत?"

म्हटलं, "अर्धं. प्रश्न आमच्या डेन्झिलचा, त्याने खाणीत जन्म काढला."

मग म्हणाले, "उरलेलं मी सांगितलं, बरं झालं. ते डेन्झिल मला खाली नेतील का?"

डेन्झिलला विचारलं. शाळेची पोरं बघायला जातात त्या जुन्या खाणीत नेतो म्हणाला, गाडीत बसवून, हात धरून. रॉस्कोला यातलं काही बोलले नाही. थेअर साहेबांनाही रॉस्को येतोय ते सांगितलं नाही.

दोघंही येणार. शनिवार, सोळा मे.