मोठीमायच्या वाट्याचा केक

तलमडुगु
१० जानेवारी २०१७

ती. अक्का,

पाया पडते. आम्ही सारे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारीपाजारी भांडण समजून धावत येतात, म्हणून पत्र. आपल्या राहीचं लग्न ठरलं. १९ फेब्रुवारी, रविवार, आमच्याच दारात मांडव. मुलगा उटनूरला मास्तर आहे. बोलतो कमी, जेवतो बरा.

तू म्हणशील, येते पण गोड खाणार नाही. उद्धव घर सोडून हैदराबादेकडे गेला तेव्हा तू गोदावरीत उभी राहून बोललीस, लेक परत येईस्तोवर दूध, दही, लोणी, तूप बंद. नऊ वर्षांत कोणाच्याच लग्नात तुझं तोंड गोड झालं नाही. राहीला ते खुपतं. सातवीपर्यंत ती तुझ्याच ताटात जेवली. आता हट्ट धरून बसली आहे की मोठीमायनं पहिला घास खाल्ल्याशिवाय मी सासरी जायची नाही. मोबाईलवर पाहून केक शिकते आहे. त्यात अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. शहरात त्याला व्हीगन म्हणतात म्हणे. मी म्हटलं, काऊन एवढा खटाटोप, गूळ-खोबरं देऊ. तर मलाच म्हणाली, गूळ-खोबरं ती रोज खाते, लग्नाचं गोड लग्नासारखं पाहिजे.

नाही म्हणू नको. रागावलीस तरी ये, आणि माया आहे तेवढी राहू दे.

तुझी धाकटी,
रुख्मिणी


बासर
१९ जानेवारी २०१७

सौ. रुख्मिणीस आशीर्वाद, राहीला दोन जास्तीचे.

पत्र आठ दिवसांनी आलं. पत्त्यात तू अजून जिल्हा आदिलाबाद लिहितेस. दसऱ्यापासून आम्ही निर्मल जिल्ह्यात आहोत. घर तिथंच, विहीर तिथंच, म्हैसही त्याच खुंट्याला. जिल्हा तेवढा निघून गेला.

त्यात माझी पंचाईत झाली. उद्धव हरवल्याचा अर्ज जुन्या जिल्ह्याच्या दफ्तरात होता. नव्या कचेरीत गेले तर म्हणाले, गठ्ठे अजून उघडले नाहीत. जुन्या कचेरीत गेले तर म्हणाले, इथून गठ्ठे बांधून गेले. तिथला माणूस तेलुगूत बोलला, मी मराठीत. शेवटी दोघंही हिंदीवर आलो, पण अर्ज काही सापडला नाही. बिचारा चांगला होता, पाणी दिलं. नवा अर्ज करा म्हणाला, सोबत फोटो लावा. माझ्याजवळ दहावीचा फोटो आहे. आता तो अठ्ठावीस वर्षांचा असेल, मिशा आल्या असतील. कोणता फोटो लावू?

लग्नाला येते. केकचं राहू द्या. लोक आग्रह करतात, एका घासानं काय होते म्हणतात. काय होतं ते मलाही माहीत नाही, म्हणून तर भीती वाटते. बाकी मी नऊ वर्षं व्हीगन आहे हे राहीमुळं आता कळलं. शहरातल्या बायांना सांग, मी त्यांच्या आधीची.

सांभाळून राहा, आठवण ठेव.

मनकर्णा


तलमडुगु
८ फेब्रुवारी २०१७

ती. अक्का,

नमस्कार पोचावा. पत्त्यात आता निर्मल लिहिलं आहे, बघ.

केक चालू आहे. कुकरची शिट्टी आणि रबर काढून बुडाशी वाळू तापवतो, त्यावर डबा ठेवतो. पहिला केक असा झाला की म्हशीनं हुंगला आणि मान फिरवली. दुसरा डब्याला चिकटला, तो आम्ही कालथ्यानं खरवडून खाल्ला. जावईबापूंनी तो खाल्ला असता तर लग्न मोडलं असतं. तिसरा जमला. मैदा, साखर, तेल, सोडा आणि नारळाचं दूध, वरून लिंबू. राही तीन लहान-मोठ्या डब्यांत करून थरावर थर ठेवणार आहे. वरून घट्ट नारळाच्या दुधाची पिठीसाखर घातलेली साय आणि खोबऱ्याच्या किसाची कापसाची बोंडं. आपल्याच शिवारातली वाटतात.

माझ्या सासूबाईंचं, भागाबाईंचं, मात्र समाधान नाही. त्यांचं म्हणणं एकच, तुपाशिवाय लग्नाचं गोड म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ. मी त्यांना तुझं व्रत समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

अक्का, मी शब्द देते. तुझ्या घासात दुधा-तुपाचा थेंबही जाणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवून ये.

तुझी,
रुख्मिणी


तलमडुगु
२२ फेब्रुवारी २०१७

ती. अक्का,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. तू गेलीस त्या दिवसापासून मला घास जात नाही.

शनिवारी राहीला हळद लागली होती, तिला चुलीजवळ येऊ देत नव्हते. खालचे दोन थर मी केले. तिसरा, सगळ्यात वरचा, कुकरमध्ये ठेवायचा तेवढ्यात उटनूरची मंडळी आली आणि मला दाराशी जावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, जा तू, मी ठेवते.

रविवारी अक्षता पडल्या. राही केकजवळ गेली. नारळाची साय उन्हानं एका बाजूला ओघळली होती, दोन बोंडंही घसरली, तरी बाया कौतुक करून राह्यल्या होत्या. तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी येऊन खुशीत म्हणाल्या, पाह्य, माझा डबा कसा अलगद सुटला, दोन बोटं साजूक तूप लावलं, लेकराच्या लग्नात अपशकुन नको.

राहीनं वरचाच थर कापला होता. तुकडा घेऊन ती तुझ्याकडे चालली होती. तू मांडवाच्या त्या टोकाला. तुला ऐकू जाईल असं सांगायचं तर साऱ्या वऱ्हाडासमोर ओरडावं लागलं असतं. मी ओरडले नाही. धावत जाऊन तिचा हात धरायचा, तेही केलं नाही. राहीनं घास भरवला, तू डोळे मिटलेस, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सासूबाईंना मी काही बोलले नाही. ऐंशी वर्षांच्या बाईला काय बोलू? राहीलाही सांगितलं नाही. तुझं नऊ वर्षांचं व्रत माझ्या दारात मोडलं. यावर उपाय असेल तर सांग, मी करीन. नसेल तर दोन शिव्या लिहून पाठव. पण पत्र पाठव.

रुख्मिणी


बासर
३ मार्च २०१७

चि. रुख्मिणी, सुखी राहा.

शिव्या लिहायला बसले होते, एकही आठवली नाही.

मला कळलं होतं. नऊ वर्षं तूप न खाल्लेल्या माणसाला तूप चार हातांवरून कळतं. राहीचा हात ओठाशी आला तेव्हा मेंदीच्या वासाखाली तुपाचा वास होता. तोंड फिरवलं असतं तर पोरीनं तो घास जन्मभर सासरी वागवला असता. थुंकता येईना. गिळला. आणि खोटं काऊन सांगू, गोड लागला. इतका गोड लागला की त्या क्षणाला मला उद्धव आठवला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

तू उपाय विचारतेस. मी इथल्या महाराजांना विचारलं. ते म्हणाले, नकळत घडलं त्याला दोष नाही. कळत घडलं हे मी त्यांना सांगितलं नाही.

रुख्मिणी, माझ्या हातात दुसरं काय होतं? मी हैदराबादेत त्याला शोधू शकत नाही. कचेरीतले गठ्ठे सोडू शकत नाही. फोनवर कोणी त्याची खबर दिली तरी मला ऐकू यायची नाही. त्याच्यासाठी मी करत होते ते एवढंच, की ताटातलं दूध बाजूला सारायचं. लग्नावरून घरी आले, म्हशीची धार काढली आणि भांडं समोर घेऊन बसले. आता पिऊनही टाकलं तर काय, असं मनात आलं. प्यायले नाही. पण आलं मनात.

भागाबाईंना काही बोलू नको. त्यांनी लेकराचं भलंच पाहिलं. राहीला तर मुळीच कळू देऊ नको. तिनं विचारलं तर सांग, मोठीमायला केक फार आवडला. ते खरंच आहे.

शिवरात्रीला पहाटे गोदावरीवर गेले. पाणी घोट्याएवढंच होतं. त्यात उभी राहून पुन्हा तेच बोलले. आज आठवा दिवस.

येत जा, लिहीत जा.

तुझी अक्का