चौदा नंबरची काळी माती

सोमवार, ४ एप्रिल

नगरपालिकेचं पत्र आलं. आमच्या क्लबच्या भाजीच्या बागांची माती तपासणार! पूर्वी या जागी ट्युलिपचे मळे होते, तेव्हाची कीडनाशकं अजून जमिनीत असतील म्हणे. बावीसच्या बावीस तुकडे तपासणार. पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा त्राइनने हातातून काढून घेतलं. "नगरपालिकेचं पत्र आहे, तुझं मृत्युपत्र नाही. कॉफी पी."

प्यायलो. बायकोपुढे नवऱ्याने घाबरू नये म्हणतात. छप्पन्न वर्षांत मला ते जमलेलं नाही.

बुधवार, ६ एप्रिल

प्रयोगशाळेची मुलगी आली. फेना नाव, पायात लाल गमबूट. लांब नळी मातीत खुपसते, फिरवते, वर काढते. माझ्या चौदा नंबरात नळी लोण्यात सुरी जावी तशी गेली. "आजोबा, केवढी काळी माती! काय घालता?" मी म्हटलं, सगळं. शेण, पानं, बटाट्याची सालं, त्राइनचे जुने लोकरी मोजे. बत्तीस वर्षं.

कुंपणापलीकडून सीम ओरडला, "त्याला विचारू नकोस पोरी, तो अख्खी गायच पुरेल!"

सीम पंधरा नंबरात. त्याच्याकडे नुसती पिवळी वाळू, दंताळ्याने विंचरलेली. जमीन ताटासारखी स्वच्छ हवी असं त्याचं म्हणणं. गाजरं मात्र सरळसोट येतात त्याची. माझ्या गाजरांना पाय फुटतात. माझ्या खताच्या ढिगाला तो "राजवाडा" म्हणतो. "राजेसाहेब आज दरबारात?" असं रोज सकाळी.

गुरुवार, ७ एप्रिल

इथे लिहूनच टाकतो. कुणाला तरी सांगायला हवं, आणि वही उलट बोलत नाही.

१९८२च्या वसंतात सीम पोटाच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे दवाखान्यात होता. त्याच्या कांद्याला माशी लागली. माशीला कुंपण कळत नाही — उद्या माझ्याकडे येणार! मी तेव्हा ट्युलिपच्या कंदांच्या वखारीत कामाला. कंदांना लावायची पांढरी पूड तिथे पिंपांत भरलेली असायची. एक डबा भरून आणला आणि सीमच्या सगळ्या तुकड्यावर शिंपडला. डब्यावर लिहिलेलं वाचलं नाही. चौदाव्या वर्षी शाळा सोडली, पण तेवढं वाचता आलं असतं. वाचलं नाही, एवढंच.

सीम परत आला. "बघ, मी नसलो तरी माझे कांदे कसे शिस्तीत वाढतात!" मी मान डोलावली. एकोणतीस वर्षं डोलावतोच आहे.

स्वतःच्या तुकड्यावर मी ती पूड कधी टाकली नाही. त्राइनला वासाने डोकं दुखायचं.

मंगळवार, १९ एप्रिल

निकाल लागले. क्लबच्या खोलीत सगळे जमले, दरवेळेसारखी एकेक कॉफी, एकेक बिस्किट. फेनाने कागद लावला. सगळ्यांत जास्त विष कुणाकडे? चौदा नंबर. मी!

माझं बिस्किट कॉफीत पडलं. सीम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अभिनंदन, राजेसाहेब. पहिला नंबर!"

पण माझ्याकडे आलं कुठून? मी तर टाकलंच नव्हतं.

मग फेना म्हणाली, थांबा. चौदा नंबर पास आहे. नापास आहे पंधरा.

सीम हसायचा थांबला. त्याचा आकडा माझ्या निम्माच होता.

बुधवार, २० एप्रिल

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी फेनाला बागेत गाठलं. म्हटलं, मला हळूहळू सांग, मी वखारीत शिकलेला माणूस आहे.

तिने दोन बरण्या घेतल्या, तळाला भोकं पाडलेल्या. एकीत सीमची वाळू, एकीत माझी माती. दोन्हींत निळं पाणी ओतलं. वाळूतून निळंच खाली आलं. माझ्या मातीतून आलं ते जवळपास साधं पाणी! मी तीनदा बघितलं.

"ही विषं पाण्यात रमत नाहीत, आजोबा," ती म्हणाली. "कुजलेलं पान दिसलं की त्याला धरतात. पाहुण्याला एक बिस्किट दिलं तर तो उठून जातो. बिस्किटांचा डबाच पुढे ठेवला तर?"

"बसतो," मी म्हटलं. माझी मेहुणी आठवली.

"तसंच. तुमच्याकडे डबा आहे. सीमआजोबांकडे बशीसुद्धा नाही. आणि जितकी वर्षं जातात तितकं ते आत आत शिरतं, सुटणं कठीण होतं. म्हणून माती जितकी काळी, तितका नियम सैल."

"म्हणजे विष आहेच?"

"आहेच. पण बसून आहे. भाजीत फारसं चढत नाही. भोपळा आणि झुकिनी मात्र लावू नका. त्यांची मुळं भलती लाघवी, बसलेल्यालाही उठवतात."

भोपळा! बत्तीस वर्षं दर शरदात त्राइनचं भोपळ्याचं सूप! घरी जाऊन तिला सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चिंता करतोस? मला ते सूप आवडतच नव्हतं. तुझ्यासाठी करत होते."

"मला पण नाही आवडत!"

मग दोघंही कॉफी प्यायलो.

शनिवार, २३ एप्रिल

सीमच्या तुकड्याला लाल-पांढरी फीत बांधली. सप्टेंबरात अर्धा मीटर माती खणून नेणार, नवी टाकणार. तोवर काही लावायचं नाही. पुढच्या वसंतात परत सुरू करा म्हणाले.

सीम शहाऐंशीचा आहे. फितीबाहेर खुर्ची टाकून बसला होता. मी म्हटलं, वसंत काय, येतोच आहे. तो म्हणाला, "तो येईल रे. माझं काय?" मग लगेच, "जा, दरबार भरायची वेळ झाली."

थट्टा तीच. आवाज तो नव्हता.

बुधवार, २७ एप्रिल

आज सांगायचं ठरवून गेलो. सीमच्या खुर्चीजवळ उभा राहिलो. म्हटलं, "सीम, एक सांगायचंय." तो म्हणाला, "बोल." मी म्हटलं, "गारठा आहे."

परत आलो.

रविवार, १ मे

त्राइनला सगळं सांगितलं. तिला माहीत होतं! "८२ साली तुझ्या कोटाच्या बाह्या पांढऱ्या होत्या. आणि डोकं माझं दुखत होतं." मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? "तू सांगशील म्हणून वाट पाहत होते. मला नव्हे. सीमला."

सोमवार, २ मे

सांगितलं.

एका दमात सांगितलं, नाहीतर पुन्हा गारठ्यावर गाडी आली असती. पूड मी टाकली. तुझ्या कांद्यावर. तू दवाखान्यात होतास. तुझी बाग माझ्यामुळे जातेय.

सीमने टोपी काढली. आत बघितलं. परत घातली. खुर्ची मिटली, काखेत मारली आणि सायकल न घेता चालत घरी गेला. त्याची सायकल अजून कुंपणाला टेकून आहे.

बुधवार, ४ मे

सायकल तिथेच. पावसात भिजतेय. माझा जुना रेनकोट तिच्यावर टाकून आलो. दोनदा फोनपाशी गेलो, दोनदा परत आलो. त्राइन म्हणाली, फोन काही चावत नाही. सीम चावेल त्याचं काय?

शुक्रवार, ६ मे

सकाळी सीम माझ्या चौदा नंबरात उभा! हातात दोरी, चार खुंट्या, कांद्याची रोपं.

"८४च्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं सुट्टीला बेटावर गेला होतात," तो म्हणाला. "तुझी माशी माझ्याकडे येत होती. मी तुझ्या तुकड्यावर त्याच पुडीचे दोन डबे टाकले."

त्याने माझ्या वाफ्याच्या मधोमध दोरी ताणली.

"ही बाजू माझी. सरक जरा."