चार वर्षं पुढे

३ मार्च २०२५

हिची सरावाची वही अर्धी कोरी आहे. फेकवत नाही. मागून उघडून लिहितो आहे.

हिला जाऊन सतरा दिवस झाले. तेरवी झाली, माणसं पांगली.

विसरण्याचा आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं — रोज लिहून घ्या. नाव, वार, गाव, वय. सकाळी चहा झाला की ही चार ओळी लिहायची, मी तपासायचो. खापरखेड्याच्या वीज केंद्रात जन्मभर कारकुनी केली. चूक दिसली की लाल पेन आपोआप हातात येतो. वयाच्या एका ओळीला तर महिना लागला!

६ मार्च

आज रिपोर्ट आला. आता! गेल्या ऑगस्टात संशोधनवाल्यांनी हिचं रक्त नेलं होतं. वय वाढतं तशा आपल्या जनुकांवर खुणा बसतात म्हणे. त्या मोजून शरीराचं खरं वय काढतात.

कागदावर ५८. रक्तात ६२. बाजूला लाल अक्षरांत — चार वर्षं पुढे. शरीर असं पुढे पळालेल्या लोकांत स्मरणशक्ती ढासळलेली जास्त आढळते, असंही लिहिलंय. सगळ्यात खाली, सहभागाबद्दल आभार.

७ मार्च

धनश्रीनं रिपोर्टचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. काय गरज होती? पोरीला विचारलं तर म्हणते, "बाबा, लपवायचं काय त्यात?"

दुपारी मेघा आली. हिची धाकटी बहीण. चप्पल काढायच्या आधीच — "भाऊजी, ताईनं हे चार वर्षं कुठं झिजवले? याच घरात ना?"

मी पाणी दिलं. माझी आई नऊ वर्षं अंथरुणाला होती, ते हिनंच केलं. खरं आहे.

११ मार्च

धनश्री बोलत नाही असं नाही. "जेवले का" एवढं विचारते.

१३ मार्च

संशोधनवाल्या नूपुर मॅडमना फोन लावला. तासभर लागेना. लागला तर म्हणतात, "काका, हा अंदाज असतो. तीन-चार वर्षं इकडेतिकडे होतात. एका माणसाचं दुखणं कशामुळे आलं, ते यावरून सांगता येत नाही."

मग लाल शाईत छापता कशाला!

वर मलाच विचारतात, "काकूंची जन्मतारीख बरोबर दिली होती ना?" मी कारकून माणूस. शाळेच्या दाखल्यावरून दिली, १ जुलै. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांची तीच आहे. सगळ्यांचे पेढे एकाच दिवशी यायचे. चिडून फोन ठेवला.

१४ मार्च

धुळवड. दार लावून बसलो. या घरानं तिला खाल्लं का, एवढं एकच डोक्यात.

१९ मार्च

उमरेडहून मैनाबाई आल्या. हिची आत्या, पंच्याऐंशीची. हातमागावर पाठ वाकली, आवाज तेवढा ताठ आहे. त्यांच्यासमोर मेघानं पुन्हा रिपोर्ट काढला. चार वर्षं, चार वर्षं!

मैनाबाईंनी तिला मधेच थांबवलं. "काहून त्याइले बोलून राहिली वं? पार्वता बासष्टचीच होती."

मग त्यांनीच सांगितलं. "मागाच्या सुताच्या कांड्या भराले घरी पोरगी लागे. म्हणून शाळेत उशिरा घातली. दहाची पोरगी मास्तरनं सहाची लिवली. लग्नात तोच दाखला दाखवला. तुम्ही आज साठचे ना, जावईबापू? दोन वर्षानं मोठी सून तुमच्या मायनं केली असती का?"

"हिला माहीत होतं?"

"तं! म्याच आण घातली होती, नवऱ्याले सांगशीन नको म्हणून. लय पाळली पोरीनं."

मेघानं रिपोर्ट पिशवीत टाकला. म्हणजे रक्तानं बरोबर सांगितलं होतं, दाखलाच खोटा. धनश्रीनं माझं ताट वाढलं आणि शेजारी बसली. "आई घाईनं म्हातारी नव्हती झाली, बाबा." कितीतरी दिवसांनी जेवण गेलं.

२० मार्च

वही आज पुढून उघडली.

नाव — पार्वता. वार चुकलेला. गाव — उमरेड. वय — ६२.

६२. पुन्हा ६२. सलग एकतीस पानं. प्रत्येकावर माझी लाल फुली, शेजारी माझ्या अक्षरात ५८. साधं वय लक्षात राहत नाही म्हणून ओरडलोही होतो.

बत्तिसाव्या पानावर तिनं ५८ लिहिलंय. अक्षर कापरं. खाली मी लिहिलंय — शाब्बास.